मोसमी पावसाचे भाकीत आणि महासागर : एका शोधाचा इतिहास

इ. स. १८७६ च्या पावसाळ्याच्या उत्तरार्धात दख्खनच्या पठारावर पावसाने दगा दिला. सोलापूर, अहमदनगर, पुणे, सातारा, कलादगी या जिल्ह्यांत खरिपाची पिके करपली आणि रब्बीची पेरणी करावयास जमिनीत ओल उरली नाही. मद्रास इलाख्यात व म्हैसूर संस्थानात परतीच्या पावसानेही पाठ फिरविली. पुढील साली, म्हणजे १८७७ मध्ये, मृग-आर्द्रांकडे डोळे लावून बसलेल्या शेतकऱ्यांची पुन्हा निराशा झाली, आणि या वेळी अवर्षणाचा विस्तार उत्तर हिंदुस्थानापर्यंत गेला. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील संशोधकांनी पुढे १८७१ पासूनच्या पर्जन्यमानाची जी मालिका सिद्ध केली, तीत जून ते सप्टेंबर या चार महिन्यांचा सर्वांत कमी पाऊस १८७७ या वर्षाच्या नावे आहे. शके १७९८ हा धाता संवत्सर असल्यामुळे तमिळ व तेलुगू प्रदेशांत हा दुष्काळ त्या संवत्सराच्या नावानेच लोकांच्या स्मरणात राहिला. दुष्काळ-आयोगाच्या अंदाजाप्रमाणे केवळ ब्रिटिश मुलखात पन्नास लाखांहून अधिक माणसे नेहमीच्या मृत्युमानापेक्षा जास्त मेली.

पाऊस का पडला नाही आणि माणसे का मेली, हे दोन प्रश्न वस्तुतः वेगळे आहेत. पुण्याच्या सार्वजनिक सभेने हा भेद चांगला ओळखला होता. जिल्ह्याजिल्ह्यांतून आपल्या प्रतिनिधींकरवी तिने जी वृत्ते मागविली, त्यांत आकाशाविषयी फारसे काही नव्हते. दुष्काळी कामावरील मजुराला रोज एक पौंड धान्य व एक आणा एवढीच मजुरी देण्याचे सर रिचर्ड टेंपल यांचे धोरण आणि त्या मजुरीवर खडी फोडणाऱ्यांची होणारी उपासमार, हा त्या वृत्तांचा विषय होता. देशातून गव्हाची निर्यात याच काळात चालू राहिली, ही गोष्टही विसरता येत नाही. याच्या उलट लंडनमध्ये १८७७ सालीच नॉर्मन लॉकियर व डब्ल्यू. डब्ल्यू. हंटर यांनी सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राशी मद्रासच्या दुष्काळांचा संबंध जोडून दाखविला. सूर्यच दुष्काळ पाडीत असेल, तर सरकारकडे बोट दाखविण्याचे कारण राहत नाही! या विचारामागे हेतुपुरस्सर लबाडी होती असे मानण्याचे कारण नाही. तथापि नैसर्गिक कारणांच्या शोधाला राज्यकर्त्यांकडून जे उत्तेजन मिळाले, त्यामागे ही सोय नव्हतीच असेही म्हणता येणार नाही. पुढील विवेचन पहिल्या प्रश्नाविषयीचे आहे. परंतु दुसरा प्रश्न त्याच्या पाठीशी सतत उभा आहे.

हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते या दुष्काळाच्या अगदी आदल्या वर्षी, १८७५ साली, स्थापन झाले होते. १८६४ च्या ऑक्टोबरात कलकत्त्यास उद्ध्वस्त करणारे चक्रीवादळ आणि १८६६ चा ओरिसाचा दुष्काळ ही त्या स्थापनेची निमित्ते होती. तत्पूर्वी निरनिराळ्या इलाख्यांत वेधशाळा नव्हत्या असे नाही. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४० नंतरच्या दशकापासून वायुभाराच्या नियमित नोंदी होत होत्या, आणि या नोंदींचा पुढील इतिहासात मोठा उपयोग झाला. परंतु सर्व देशाचे वेध एका पद्धतीने घेऊन एकत्र मांडण्याचे काम हेन्री ब्लॅनफर्ड या नव्या खात्याच्या पहिल्या प्रमुखाकडे आले, आणि काम हाती घेताच शतकातील सर्वांत भीषण अवर्षण त्यांच्यासमोर उभे राहिले.

१८७७ साली हिंदुस्थानावरील वायुभार नेहमीपेक्षा बराच अधिक होता, हे ब्लॅनफर्ड यांच्या लक्षात आले. अन्य वसाहतींतील वेधशाळांशी त्यांनी पत्रव्यवहार केला, तेव्हा ही वाढ सिंगापूर, बटाव्हिया, मॉरिशस, ऑस्ट्रेलिया अशा दूरदूरच्या ठिकाणीही दिसून आल्याचे कळले. ॲडलेडचे वेधशाळा-प्रमुख चार्ल्स टॉड यांनी पुढे १८८८ मध्ये हिंदुस्थान आणि ऑस्ट्रेलिया येथील अवर्षणे पुष्कळदा बरोबरीने येतात, असे नमूद केले. आज मागे वळून पाहता त्या वर्षांचे चित्र यापेक्षाही विलक्षण दिसते. उत्तर चीनमध्ये १८७६ ते १८७९ या काळात पडलेल्या दुष्काळाने कोट्यवधी लोकांस ग्रासले व हिंदुस्थानापेक्षाही अधिक बळी घेतले. ब्राझीलच्या ईशान्येकडील सिआरा प्रांतात १८७७ पासून तीन वर्षे जे अवर्षण झाले, त्याला तेथील लोक 'मोठा दुष्काळ' म्हणूनच ओळखतात. आणि नेमक्या याच वेळी, जेथे एरवी वर्षानुवर्षे पाऊस पडत नाही, त्या पेरू देशाच्या वाळवंटी किनाऱ्यावर मुसळधार पावसाने पूर आणले. हे सारे तुकडे एकाच घटनेचे आहेत, हे समजावयास जवळजवळ एक शतक जावे लागले.

ब्लॅनफर्ड यांची दृष्टी मात्र उत्तरेकडे, हिमालयाकडे वळली. हिवाळ्यात व वसंतात हिमालयावर बर्फ अधिक पडले व उशिरापर्यंत टिकले, तर त्यावरून येणारे कोरडे वारे मोसमी पावसाला अडथळा करतात, असे अनुमान त्यांनी १८८४ साली रॉयल सोसायटीपुढील निबंधात मांडले. त्यामागील कल्पना साधी होती. उन्हाळ्यात जमीन समुद्रापेक्षा अधिक तापते म्हणून समुद्रावरचे वारे जमिनीकडे धावतात, हे एडमंड हॅली यांनी १६८६ मध्येच मांडले होते. बर्फामुळे जमीन कमी तापली की वारे मंदावणार. १८८२ पासून प्रायोगिक अंदाज देऊन झाल्यावर ४ जून १८८६ रोजी, म्हणजे मृग नक्षत्र लागण्याच्या सुमारास, हिंदुस्थान व ब्रह्मदेशासाठी पहिले नियमित भाकीत प्रसिद्ध झाले. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावयास हवी. हॅलीच्या उपपत्तीत जमीन आणि समुद्र अशी दोन पारडी होती. ब्लॅनफर्ड यांनी त्यांपैकी जमिनीचेच पारडे तोलले. समुद्र हा दर वर्षी सारखाच असतो, बदलते ती जमीन, हे त्यांनी न बोलता गृहीत धरले होते. अर्थात समुद्राचे तापमान मोजणारी ठाणीच नव्हती, तेथे दुसरे काय गृहीत धरावे?

त्यांच्या मागून आलेले सर जॉन इलियट हे दक्षिणेकडे पाहू लागले. मुंबई-कलकत्त्याच्या बंदरांत येणाऱ्या जहाजांच्या नोंदवह्या, मॉरिशस, झांझिबार व सेशेल्स येथील वेध, ऑस्ट्रेलियातील वायुभार हे सर्व त्यांच्या भाकितात येऊ लागले. विषुववृत्ताच्या दक्षिणेचे आग्नेय व्यापारी वारेच विषुववृत्त ओलांडून नैर्ऋत्य मोसमी वारे बनतात, ही त्यांची धारणा योग्य दिशेची होती. पण भाकीत करण्याची रीत अंदाजाची व अनुभवाची होती, आणि तिचे भाषिक स्वरूपही लांबलचक व पुष्कळ पळवाटा असलेले होते. १८९९ साली चांगल्या पावसाचे भाकीत झाले. प्रत्यक्षात राजस्थान, गुजरात, मध्य प्रांत व दख्खन या प्रदेशांवर जो दुष्काळ कोसळला, तो विक्रम संवत १९५६ चा 'छप्पनिया' म्हणून आजही गुजरात-राजस्थानच्या लोकस्मृतीत आहे. वृत्तपत्रांनी खात्यावर कडक टीका केली. त्यानंतर काही काळ भाकिते जाहीर न करता केवळ सरकारच्या माहितीसाठी देण्यात येऊ लागली.

अशा परिस्थितीत १९०४ साली गिल्बर्ट वॉकर यांची नेमणूक झाली. हे गृहस्थ केंब्रिजचे गणिती होते; १८८९ चे सीनियर रँग्लर. बूमरँगच्या उड्डाणावर त्यांनी निबंध लिहिला होता, बासरीच्या रचनेत त्यांना रस होता. हवामानशास्त्राचा मात्र त्यांना काही अनुभव नव्हता. १९१३ च्या फेब्रुवारीत मद्रास येथे पोर्ट ट्रस्टमधील एका कारकुनाची गणिताची टिपणे त्यांना दाखविण्यात आली, आणि त्यांनी ताबडतोब मद्रास विद्यापीठाला पत्र लिहून त्या कारकुनाला संशोधनवृत्ती देण्याची शिफारस केली. तो कारकून म्हणजे श्रीनिवास रामानुजन. या विषयांतराचे समर्थन इतकेच की, वॉकर यांचा मूळ पिंड कोणता होता हे त्यावरून कळते.

वॉकर यांनी उपपत्ती बाजूस ठेवली आणि आकड्यांना प्रश्न विचारले. दोन राशी बरोबरीने किती बदलतात हे सांगणारा सहसंबंध-गुणक हे त्या वेळी नवे साधन होते. जगातील निरनिराळ्या ठाण्यांचे वायुभार, तापमान, पाऊस, नद्यांचे पूर यांच्या मालिका मागवून त्यांतील प्रत्येकीची हिंदुस्थानच्या पावसाशी, आणि एकमेकींशीही, तुलना करावयाची हा त्यांचा उद्योग. आकडेमोडीस यंत्रे नव्हती; खात्यातील भारतीय कर्मचारी हाताने ते गुणाकार करीत. सूर्यावरील डागांचा संबंध त्यांनी याच कसोटीला लावला आणि त्यात भाकितास उपयोगी पडेल असे काही नाही, असा निर्णय दिला. पुष्कळ गुणक काढले की त्यांपैकी काही केवळ योगायोगाने मोठे दिसणारच, हा इशारा त्यांनी स्वतःच १९१४ मध्ये दिला होता. पुढील काळात हा इशारा किती वेळा विसरला गेला, याची कहाणी पुढे येईलच.

त्यांच्या पहिल्या समीकरणात चार घटक होते : मे अखेर हिमालयावरील बर्फाचा साठा, दक्षिण अमेरिकेतील वसंतातील वायुभार, मॉरिशसचा वायुभार आणि झांझिबारचा पाऊस. यांपैकी दक्षिण अमेरिकेचा घटक वाचकास चमत्कारिक वाटेल. परंतु त्याला पूर्वपीठिका होती. स्वीडनचे हिल्डेब्रांड्सन यांनी १८९७ मध्ये सिडनी व ब्यूनॉस आयर्स येथील वायुभार परस्परविरुद्ध बदलतात असे दाखविले होते, आणि नॉर्मन लॉकियर व त्यांचे पुत्र यांनी मुंबई आणि अर्जेंटिनातील कॉर्दोबा या ठाण्यांच्या बाबतीत तीच गोष्ट सांगितली. कुलाब्याच्या नोंदी येथे कामी आल्या. वॉकर यांनी हा संबंध जगभर तपासून १९२३-२४ मध्ये त्याला 'दक्षिणी आंदोलन' असे नाव दिले. प्रशांत महासागरावर, म्हणजे होनोलुलू, सामोआ, दक्षिण अमेरिका या बाजूस, वायुभार वाढला की हिंदी महासागराच्या बाजूस, कैरोपासून वायव्य हिंदुस्थान, डार्विन व मॉरिशसपर्यंत, तो घटतो. एक पारडे वर तर दुसरे खाली. पहिल्या अवस्थेत हिंदुस्थानास पाऊस चांगला, उलट अवस्थेत तो कमी. उत्तर अटलांटिक व उत्तर प्रशांत या महासागरांवरची अशीच दोन लहान आंदोलनेही त्यांनी वेगळी केली. पण विस्ताराने आणि प्रभावाने दक्षिणी आंदोलन सर्वांत मोठे होते.

मात्र या यशात एक मोठी उणीव होती, आणि ती वॉकर यांना ठाऊक होती. दक्षिणी आंदोलनाची उन्हाळ्यातील स्थिती त्यानंतरच्या हिवाळ्याशी दृढ संबंध दाखवी, परंतु त्यापूर्वीच्या हिवाळ्याशी तिचा संबंध क्षीण होता. भाकितासाठी पाहिजे होते नेमके दुसरे. १९२७ ते १९४४ पर्यंत खात्याचे प्रमुख असलेले चार्ल्स नॉर्मंड यांनी १९५३ मध्ये याचा जो निष्कर्ष सांगितला, तो मार्मिक आहे. हिंदुस्थानचा मोसमी पाऊस हा जगाच्या हवामानाचा निष्क्रिय परिणाम नसून सक्रिय घटक आहे. त्याच्यावरून पुढचे पुष्कळ सांगता येते, पण त्याच्याविषयी आधी सांगणे कठीण.

नॉर्मंड यांच्या कारकिर्दीतच, १९२८ साली, खात्याचे मुख्य कार्यालय सिमल्याहून पुण्यास आले. शिवाजीनगरच्या त्या इमारतीस पुणेकर अद्यापही 'सिमला ऑफिस' म्हणतात, आणि अनेकांस त्या नावाचे कारण ठाऊक नसते. मुख्य कार्यालय १९४४ मध्ये दिल्लीस गेले, तरी हवामानशास्त्राचे पुण्याशी जडलेले नाते तुटले नाही.

वॉकर यांचे निधन १९५८ मध्ये झाले. राजकीय हवामान-परिषदेच्या नियतकालिकात त्यांच्यावर जो मृत्युलेख आला, त्यात त्यांच्या परिश्रमांतून जगाच्या हवामानाची उपपत्ती निघेल ही आशा फलद्रूप होताना दिसत नाही, असा सूर होता. विज्ञानाच्या इतिहासात इतका अवेळी निवाडा क्वचितच आढळेल. ज्या वर्षी वॉकर वारले, त्याच वर्षी वॉकर यांना न मिळालेला पुरावा प्रशांत महासागरावर गोळा होत होता.

तो पुरावा समजण्यासाठी पेरूच्या किनाऱ्याकडे वळले पाहिजे. या किनाऱ्यालगतचे पाणी विषुववृत्ताजवळ असूनही थंड असते. कारण वारे वरचे पाणी किनाऱ्यापासून दूर लोटतात आणि त्याच्या जागी खोलवरचे थंड, क्षारयुक्त पाणी वर येते. त्यावर सूक्ष्म वनस्पती, त्यांवर मासे, माशांवर समुद्रपक्षी आणि पक्ष्यांच्या विष्ठेपासून ग्वानो हे खत, अशी साखळी तेथे चालते. काही वर्षी मात्र नाताळच्या सुमारास उत्तरेकडून उष्ण पाण्याचा प्रवाह येतो. पाइता बंदराचे खलाशी त्यास 'एल् निन्योचा प्रवाह', म्हणजे बाळ येशूचा प्रवाह, म्हणत असत. कप्तान कॅमिलो कॅरिल्यो यांनी १८९२ मध्ये लिमाच्या भूगोल-मंडळाच्या पत्रिकेत या नावाची नोंद केली. पंडितांच्या पुष्कळ आधी हे ज्ञान होड्या हाकणाऱ्यांस होते. परंतु ते पेरूचे स्थानिक ज्ञान समजले गेले. सिमल्याच्या कार्यालयातील समीकरणांशी त्याचा काही संबंध असेल, हे दोन्हीकडे कोणाच्याही मनात आले नाही.

१९५७-५८ हे आंतरराष्ट्रीय भूभौतिकी वर्ष होते. जगभर वेधांची संख्या वाढविलेली असतानाच, सुदैवाने म्हणावे लागेल, एक प्रबळ एल् निन्यो आला. उष्ण पाणी केवळ पेरूच्या किनाऱ्यास चिकटून नव्हते. विषुववृत्तालगत ते हजारो मैल पश्चिमेपर्यंत पसरले होते. नेदरलँड्सचे बर्लाखे यांनी एल् निन्यो आणि दक्षिणी आंदोलन यांची सांगड घातली होती. पण कार्यकारणाची साखळी जोडली ती कॅलिफोर्निया विद्यापीठातील नॉर्वेजियन शास्त्रज्ञ याकोब ब्यर्कनेस यांनी, १९६६ व १९६९ च्या निबंधांत. त्यांचे प्रतिपादन थोडक्यात असे. प्रशांत महासागराच्या पूर्व भागात पाणी थंड, पश्चिमेस इंडोनेशियाकडे उष्ण. उष्ण पाण्यावरची आर्द्र हवा वर चढते, पाऊस पाडते आणि उंचावरून पूर्वेकडे जाऊन थंड पाण्यावर खाली उतरते. पृष्ठभागावर ती व्यापारी वाऱ्यांच्या रूपाने पुन्हा पश्चिमेस येते. या वर्तुळास ब्यर्कनेस यांनी 'वॉकर अभिसरण' असे नाव दिले. आता हे वारेच पूर्वेकडील थंड पाणी वर आणतात व उष्ण पाणी पश्चिमेस लोटून ठेवतात. म्हणजे तापमानातील फरकामुळे वारे आणि वाऱ्यांमुळे तापमानातील फरक. वारे किंचित मंदावले की फरक कमी होतो, फरक कमी झाला की वारे आणखी मंदावतात, आणि उष्ण पाणी पूर्वेस सरकून पावसाचे क्षेत्रही आपल्यामागे ओढून नेते. वॉकर यांची दोन पारडी हवेत टांगलेली वाटत होती. त्यांची दांडी पाण्यात होती.

समुद्राला हे सामर्थ्य कोठून येते? समुद्राच्या वरच्या अवघ्या तीनएक मीटर थरात जेवढी उष्णता साठू शकते, तेवढी त्यावरील संपूर्ण वातावरणात साठते. शिवाय एक ग्रॅम पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५८५ कॅलरी उष्णता लागते. ती समुद्रातून निघते, वाफेबरोबर शेकडो मैल प्रवास करते आणि जेथे ढग बनतो तेथे हवेस मिळते. वातावरण आठवड्याभरात आपली स्थिती विसरते, समुद्र ती कित्येक महिने धरून ठेवतो. आंदोलन उलट कसे फिरते, हे मात्र ब्यर्कनेस यांना सांगता आले नव्हते. क्लाउस विर्ट्की यांनी १९७५ मध्ये बेटांवरील समुद्रपातळीच्या नोंदींवरून दाखविले की, व्यापारी वाऱ्यांमुळे पश्चिमेस अर्ध्याएक मीटरने चढून राहिलेले पाणी वारे सैल पडताच पूर्वेकडे परत येते. विषुववृत्तालगत पाण्याच्या आत धावणाऱ्या या लाटांना महासागर ओलांडावयास दोन-तीन महिने लागतात. भाकिताला आवश्यक असलेला अवधी येथे प्रथमच मिळाला.

दरम्यान हिंदी महासागराकडेही लक्ष वळले होते. १९५९ ते १९६५ या काळातील आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेचे हवामान-केंद्र १९६३ पासून मुंबईस कुलाबा येथे होते. पुण्याची उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था १९६२ च्या नोव्हेंबरात सुरू झाली. तिचे पहिले संचालक प्रा. पी. आर. पिशारोटी यांनी १९६५ मध्ये असे मत मांडले की, पश्चिम किनाऱ्यावर येणाऱ्या वाफेचा मुख्य पुरवठा दक्षिण गोलार्धाकडून होत नसून अरबी समुद्राच्या बाष्पीभवनातून होतो. शतकानुशतकांच्या समजुतीस हा धक्का होता. त्याच संस्थेतील साहा व बावडेकर यांनी अधिक वेध घेऊन १९७३ मध्ये याच्या उलट निष्कर्ष काढला : विषुववृत्त ओलांडून येणारी वाफच अधिक, अरबी समुद्राचा वाटा दुय्यम. संस्थापकाच्या मताचे खंडन त्याच्याच संस्थेतून व्हावे, ही त्या संस्थेच्या प्रकृतीची चांगली खूण म्हटली पाहिजे. फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ सुमारे दीड किलोमीटर उंचीवरून विषुववृत्त ओलांडणारा वेगवान वायुझोत उजेडात आणल्याने दुसऱ्या पक्षास बळकटी आली होती. हाच झोत सोमालियाच्या किनाऱ्यालगत थंड पाणी वर आणतो, त्यामुळे मे महिन्यात तापलेला अरबी समुद्र ऐन पावसाळ्यात निवतो. मोसमी वारे ज्या समुद्रावरून येतात तो समुद्र ते स्वतःच थंड करीत येतात.

१९७२ साली या ज्ञानाची परीक्षा व्हावयास हवी होती, पण ती झाली नाही. त्या वर्षीच्या एल् निन्योने पेरूच्या ॲंकोव्हेटा माशांचा धंदा कोसळला; १९७० मध्ये एक कोटी वीस लाख टनांच्या घरात असलेली पकड १९७३ मध्ये वीस लाख टनांच्याही खाली आली, यात अतिरेकी मासेमारीचाही वाटा होता. त्याच वर्षी भारतात मोसमी पाऊस सुमारे चतुर्थांशाने कमी पडला आणि महाराष्ट्रात मराठवाडा व पश्चिमेकडील अवर्षणप्रवण तालुक्यांत जो दुष्काळ पडला, त्याच्या कामांतून रोजगार हमी योजना आकारास आली. १८७७ च्या मजुरीच्या प्रश्नाचे उत्तर हवामानशास्त्राने दिलेले नाही. ते अशा मार्गाने आले. बीड-उस्मानाबादकडील खडीकेंद्र आणि पेरूचे ओस पडलेले धक्के यांना जोडणारा धागा डी. आर. सिक्का यांनी १९८० मध्ये स्पष्ट केला : एल् निन्योच्या बहुतेक वर्षी भारतात पाऊस सरासरीहून कमी पडलेला आढळतो.

'बहुतेक' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. १८७६ साली दख्खनमध्ये पाऊस रुसला, तेव्हा एल् निन्यो अद्याप आलेला नव्हता. उलट १९९७ चा एल् निन्यो विसाव्या शतकातील सर्वांत प्रबळांपैकी, आणि तरीही त्या वर्षी भारतात पाऊस सरासरीच्या १०२ टक्के झाला. २००२ चा एल् निन्यो मध्यम प्रतीचा. पण त्या वर्षी जुलै महिन्यात नेहमीच्या निम्म्याच्या आसपासच पाऊस पडला आणि हंगामाची बेरीज ८१ टक्क्यांवर थांबली. त्या वेळचे भाकीत डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ पासून प्रचारात आणलेल्या सोळा घटकांच्या पद्धतीने केले जात असे. ही पद्धत म्हणजे वॉकरच्याच मार्गाचा विस्तार. चौदा वर्षे तिने सरासरीइतक्या पावसाचे भाकीत केले व पाऊसही तसाच पडला. २००२ मध्येही तिने तेच सांगितले. ज्या चौदा वर्षांत एकदाही मोठा दुष्काळ नव्हता, ती वर्षे ही पद्धत पारखावयास पुरेशी नव्हती. १९१४ चा इशारा येथे पुन्हा आठवतो.

१९९७ चे कोडे अंशतः सुटले ते हिंदी महासागराकडे पाहिल्यावर. साजी, गोस्वामी, विनयचंद्रन व यामागाता यांनी १९९९ मध्ये दाखविले की, काही वर्षी या महासागराचा पश्चिम भाग उष्ण व सुमात्रालगतचा पूर्व भाग थंड होतो, काही वर्षी याच्या उलट. या द्विध्रुवाची पहिली अवस्था भारतास अनुकूल असते आणि १९९७ मध्ये ती प्रबळ होती. मूळच्या पुण्याच्या डॉ. सुलोचना गाडगीळ यांनी जोसेफ व जोशी यांच्यासमवेत १९८४ मध्येच सांगितले होते की, समुद्राचे पृष्ठतापमान सुमारे २८ अंश सेल्सियसपर्यंत चढल्याखेरीज त्यावर मोठे मेघसमूह सहसा बनत नाहीत. त्यापुढे मात्र तापमान वाढले म्हणून मेघ वाढतातच असे नाही. भारतालगतचा समुद्र या उंबरठ्यावरच असल्यामुळे थोडासा बदलही निर्णायक ठरू शकतो. पुढे त्यांनी विषुववृत्तीय हिंदी महासागरावरील मेघांच्या पूर्व-पश्चिम आंदोलनास स्वतंत्र स्थान दिले, आणि एल् निन्योबरोबर तेही विचारात घेतल्यास अतिवृष्टी व अनावृष्टीची बहुतेक वर्षे उलगडतात, असे दाखविले.

२०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मिशनमुळे पुण्याच्या संस्थेत समुद्र आणि वातावरण यांची समीकरणे एकत्र सोडविणारे प्रतिमान भाकितासाठी वापरात आले. तरीही एक जुनी अडचण टिकून आहे. प्रशांत महासागराची पुढील स्थिती मार्च-एप्रिलच्या आधी सांगणे कठीण जाते, आणि भारताचे पहिले भाकीत द्यावयाचे असते ते एप्रिलातच. २०२३ मध्ये एल् निन्यो येणार हे वेळीच कळले होते व हंगामाचा पाऊस ९४ टक्के झाला. ही बेरीज भाकिताच्या जवळपासच होती. पण त्या बेरजेत सरासरीहून अधिक पावसाचा जुलै होता, आणि १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत कोरडा ठरलेला ऑगस्टही होता. दुबार पेरणी करावयाची की नाही, हे जुलैच्या अखेरीस ठरविणाऱ्या शेतकऱ्यास चार महिन्यांच्या बेरजेपेक्षा त्या ऑगस्टची माहिती हवी असते. आणि पावसातील असे खंड समुद्राच्या मंद स्मृतीपेक्षा विषुववृत्ताकडून दर तीस-चाळीस दिवसांनी उत्तरेस सरकणाऱ्या मेघपट्ट्यांवर अधिक अवलंबून असतात. त्यांचा माग दोन-तीन आठवड्यांपलीकडे अद्याप लागत नाही.